रोमन डेनारियस वाचायचा कसा: आधी काटा, मग हात, अर्थ सगळ्यात शेवटी

रोमन चांदीच्या नाण्यांचे फोटो मला लोक वरचेवर पाठवतात. सोबतचा प्रश्न ठरलेला असतो: "ही कोणती देवी आणि हिचा अर्थ काय?" वजन दिलेलं नसतं, मागची बाजू अर्धी अंधारात असते, आणि पाठवणाऱ्याने उत्तर बहुतेक आधीच ठरवलेलं असतं. पंख दिसले की परी, शिंग दिसलं की तुतारी, साप दिसला की नागपूजा, हातात धान्य असलं की लक्ष्मी. इंटरनेटवर शोधून काढलेला अर्थही सोबत असतो, फक्त तो दुसऱ्याच नाण्याचा असतो.

गडबड होते ती क्रमात. चित्रापासून सुरुवात केली की पुढचं सगळं त्या अंदाजाला जुळवून घेतलं जातं. खाली दिलेला क्रम कंटाळवाणा वाटेल, पण तो मोडू नका. सोबत एक नमुन्याचं नाणं घेतो, रोमन सम्राट ट्रेजनचा एक साधा डेनारियस (रोमचं चांदीचं नाणं), आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्याकडे परत येतो. नाण्यावरची अक्षरं अर्थातच रोमन लिपीत असतात, इथे ती देवनागरीत लिहिली आहेत.

## तयारी

लागतं ते थोडकंच. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, व्यास मोजायला प्लॅस्टिकचा व्हर्नियर (लोखंडी जबड्याने चांदीवर चरे उठतात), मान वळवता येणारा टेबललॅम्प, पेन्सिल आणि कागद. टेबलावर जाड टॉवेल अंथरा. तो कशासाठी, ते खालच्या इशाऱ्यात कळेल.

नाणं धुवायचं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, फॉईल आणि सोडा हे सगळं बंद. चांदीवरची काळपट छटा काढली की अक्षरं उठून दिसायची थांबतात, कारण खोलगट भागातला काळेपणाच त्यांना उठाव देत असतो. पहिल्या नाण्याला मी लिंबू लावलं होतं. ते आजही स्टीलच्या वाटीसारखं चमकतं आणि त्यावरचा लेख भिंगातूनही नीट लागत नाही.

सावधान: "खणखणीत नाणं" हे वाजवून पारखायचं, हा संस्कार विसरा. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते. फरशीवर पडलेला डेनारियस बिस्किटासारखा तुटतो.

आणखी एक: नाणं शेतात किंवा पाया खणताना सापडलं असेल तर इथेच थांबा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला भारताबाहेर पाठवता येत नाही, भेट म्हणूनसुद्धा नाही. परदेशातल्या मुलाला "एक पाठवून देतो" असं म्हणणारे बरेच भेटतात, म्हणून लिहिलं.

## टप्पा १: वजन, व्यास, कड

चित्राकडे बघू नका. नाणं काट्यावर ठेवा, आकडा लिहा. व्यास लिहा. मग कडेवरून भिंग फिरवा.

ढोबळ आकडे लक्षात ठेवा. ज्युलियस सीझर आणि ऑगस्टसच्या काळातला डेनारियस साधारण ३.९ ग्रॅमचा. नीरोने इ.स. ६४ मध्ये वजन आणि चांदी दोन्ही कमी केली, त्यानंतर तो ३.४ च्या आसपास येतो. झिजलेला असला तर आणखी खाली. व्यास बहुधा १७ ते २० मिलिमीटर. सेप्टिमियस सेव्हेरसच्या वेळी चांदी जेमतेम निम्मी उरते. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने काढलेलं अँटोनिनियानस हे मोठं नाणं सुरुवातीला पाच ग्रॅमच्या जवळपास असतं, आणि २७० च्या सुमारास ते जवळजवळ तांब्याचंच होऊन जातं.

हलकं नाणं दिसलं की लोक लगेच "खोटं" म्हणतात. आधी कड बघा. वरचा चांदीचा पापुद्रा फाटून आतून तपकिरी किंवा हिरवट गाभा डोकावत असेल तर ते मुलाम्याचं नाणं, म्हणजे तांब्याच्या चकतीवर चांदीचं पान. असली नाणी त्या काळातच बनत होती, तेव्हा ती त्या काळची खोटी आणि आजची अस्सल. कडेला करवतीसारखे दाते असतील तर घाबरू नका, प्रजासत्ताक काळातले, म्हणजे सम्राटांच्या आधीचे, काही डेनारियस मुद्दाम तसेच केलेले आहेत. पृष्ठभागावर चंद्रकोर किंवा ठिपक्यासारखे बारीक ठोके असतील तर ते तेव्हाच्या सराफांनी चांदी तपासायला मारलेले. आपल्या रुपयांवर सराफी छाप असतात, तीच जात.

शंका असली तर घनता काढा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी १०.५ च्या जवळ येते, तांबं ८.९ च्या.

नमुन्याचं नाणं: ३.२१ ग्रॅम, १८ मिलिमीटर. पाण्यातला आकडा ०.३१, म्हणजे घनता १०.३५. ट्रेजनच्या काळाला शोभणारी.

इथे तपासा: पाण्यातला आकडा ०.३१ ऐवजी ०.३२ आला असता तर घनता १०.०३ वर घसरली असती. काट्याच्या शेवटच्या घराने इतका फरक पडतो. पाच वेळा मोजा, मधला आकडा घ्या. ही चाचणी मुलाम्याचं नाणं पकडायला पुरते, चांदीची टक्केवारी ठरवायला पुरत नाही.

## टप्पा २: उजेड आणि दिशा

दिवा वरून नको. टेबलाच्या पातळीला आणा आणि नाण्याच्या डाव्या वरच्या बाजूने तिरपा पाडा. मग नाणं तसंच ठेवून दिवा चारही बाजूंनी फिरवा. एका उजेडात "ओ" दिसणारं अक्षर दुसऱ्या उजेडात "सी" निघतं. फोटो काढायचा असेल तर प्रत्येक बाजूचे निदान दोन, वेगवेगळ्या उजेडात. फ्लॅश बंद.

आता ठशांची दिशा. पुढच्या बाजूचं डोकं सरळ उभं धरा, नाणं वरच्या-खालच्या टोकाला चिमटीत पकडा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवा. मागचं चित्र सरळ आलं तर नोंदीत "बारा वाजता" लिहायचं, उलटं आलं तर "सहा वाजता". साम्राज्यकाळातल्या रोमच्या टांकसाळीत हीच दोन उत्तरं बहुतेक येतात. आपलं नमुन्याचं सहा वाजता.

कॅटलॉगमधलं डावं-उजवं म्हणजे बघणाऱ्याचं डावं-उजवं. "डावीकडे तोंड करून उभी" असं लिहिलं असेल तर ती तुमच्या डावीकडे बघते आहे. मात्र "उजव्या हातात" म्हणजे तिच्या उजव्या हातात. हा घोळ होतोच होतो.

## टप्पा ३: पुढची बाजू

आधी डोक्यावर काय आहे ते. पानांचा मुकुट म्हणजे लॉरेल, मागे फितीची गाठ सुटलेली दिसते. किरणांचा टोकदार मुकुट असेल आणि नाणं चांदीचं असेल तर ते बहुतेक अँटोनिनियानस. राणीच्या अँटोनिनियानसवर किरणांऐवजी खांद्याखाली चंद्रकोर असते. दाढी बघा: हेड्रियनच्या आधीचे सम्राट बहुतेक गुळगुळीत, त्याच्यानंतरचे बहुतेक दाढीवाले. एवढ्यावरून नाव ठरवू नका, शतक तेवढं धरा.

मग लेख. तो बहुधा डावीकडे खाली, घड्याळातल्या सातच्या आसपास सुरू होतो आणि काट्यांच्या दिशेने जातो. पहिल्या शतकात उलट दिशेनेही सापडतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असं नाही. "यू" हे अक्षर नाही, त्याच्या जागी "व्ही" कोरतात, त्यामुळे ऑगस्टसचं नाव ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-व्ही-एस असं दिसतं. चार हा आकडा अनेकदा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो.

वाचता येईल तेवढंच कागदावर उतरवा. न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजाने भरलं की पुढे तोच अंदाज पुरावा होऊन बसतो.

लघुरूपं थोडीच आहेत. इम्प म्हणजे इंपेरातोर, सेनापती आणि सम्राट. आउग म्हणजे ऑगस्टस. पी-एम म्हणजे पाँटिफेक्स मॅक्सिमस, मुख्य धर्माधिकारी. टीआर-पी म्हणजे ट्रिब्यूनचा, जनतेच्या प्रतिनिधीचा, अधिकार. कॉस म्हणजे कॉन्सल, रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. पी-पी म्हणजे पातेर पात्रिए, राष्ट्रपिता. दिवुस किंवा दिवा आलं तर ती व्यक्ती मेलेली आहे आणि तिला देवपद दिलेलं आहे. "दिवा फाउस्टिना" वाचून दिवा-पणती शोधू नका.

तारीख काढायला टीआर-पीच्या पुढचा आकडा सोन्यासारखा, कारण तो अधिकार दरवर्षी नव्याने मिळायचा. मार्कस ऑरेलियसच्या नाण्यावर टीआर-पी १८ असेल तर ते डिसेंबर १६३ ते डिसेंबर १६४ मधलं. टीआर-पीला आकडा नसेल तर कॉन्सलपदाचा आकडा बघायचा, मात्र त्यातून वर्षांची पट्टी मिळते, एक वर्ष नाही.

नमुन्याचं नाणं: "इम्प ट्रायानो आउग गेर डाक पी एम टीआर पी". नाव "ट्रायानुस" नसून "ट्रायानो" आहे. शेवटचा "ओ" म्हणजे आपली चतुर्थी: ट्रेजनला. गेर आणि डाक म्हणजे जर्मन आणि डेशियन लोकांवर मिळवलेल्या विजयाच्या पदव्या. टीआर-पीला आकडा नाही. वाक्य अर्धवट वाटतं ना? ते अर्धवटच आहे, पुढचं मागच्या बाजूला आहे.

सावधान, अँटोनिनसांचा गोंधळ: सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "अँटोनिनुस आउग पिउस पी पी" हा दुसऱ्या शतकातला अँटोनिनस पायस. "अँटोनिनुस पिउस आउग" हा कॅराकॅला. "इम्प अँटोनिनुस पिउस आउग" हा बहुधा एलागाबालस. "एम अँटोनिनुस आउग" म्हणजे मार्कस ऑरेलियस. शब्द तेच, क्रम वेगळा, आणि मधे ऐंशी वर्षांचं अंतर. चेहरा आणि वजन ताडून बघितल्याशिवाय नाव लिहू नका. टप्पा १ मधला आकडा इथे कामाला येतो: मार्कसच्या आणि एलागाबालसच्या डेनारियसमधल्या चांदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि घनतेतून नेमकी टक्केवारी कळत नसली तरी एवढा मोठा फरक कळू शकतो.

## टप्पा ४: मागची बाजू, हातापासून

लोक चेहरा बघतात. मागच्या बाजूच्या आकृतीचा चेहरा तांदळाएवढा असतो आणि सगळ्यात आधी तोच झिजतो. तुम्ही हात बघा, आणि त्यातही आधी तिचा उजवा हात, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या डावीकडे पुढे केलेला. डाव्या हातात अर्ध्या जणींच्या तेच असतं: फळाफुलांनी भरलेलं शिंग, कॉर्नुकोपिया. समृद्धीची खूण. नुसत्या शिंगावरून कोणालाही ओळखता येत नाही.

उजव्या हातातली वस्तू अशी वाचा:

- तराजू: एक्विटास किंवा मोनेटा. दोघींचं रूप एकच. एक सचोटी, दुसरी टांकसाळ. फरक फक्त लेखात.
- पानांची फांदी: पॅक्स, शांतता. फांदी ऑलिव्हची.
- दोन साप गुंडाळलेली काठी: फेलिसिटास, भरभराट. त्रिशूळ समजू नका.
- सुकाणू: फॉर्चुना, दैव. सुकाणू कधी पृथ्वीच्या गोळ्यावर टेकवलेलं.
- ताम्हनासारखी उथळ थाळी: कॉन्कॉर्डिया, सलोखा. पण थाळी यज्ञवेदीवर ओतते आहे आणि डोक्यावर पदर आहे, तर पिएटास. थाळीतून सापाला पाजते आहे, तर सालुस, आरोग्य.
- टोकाची मऊ टोपी: लिबर्टास, मुक्ती. गुलामीतून सुटलेला माणूस ही टोपी घालायचा.
- ठिपके असलेली चौकोनी पाटी: लिबरॅलिटास, सम्राटाने पैसे वाटले त्याची खूण. नाव लिबर्टासच्या इतकं जवळचं की चांगले जाणते फसतात.
- गव्हाच्या ओंब्या, पायाशी मापटं: अन्नोना, रोमचा धान्यपुरवठा. ओंब्यांसोबत मशाल असेल तर सेरेस.
- एक फूल, आणि दुसऱ्या हाताने किंचित उचललेला घागरा: स्पेस, आशा. ही पोझ दुसरी कोणी घेत नाही, त्यामुळे अगदी झिजलेल्या नाण्यावरही ओळखू येते.
- छोटी छडी, पायाशी गोळा: प्रोव्हिडेन्शिया, दूरदृष्टी.
- हार, आणि पाठीला पंख: व्हिक्टोरिया. परी नव्हे, देवदूत नव्हे.

हात झाले की पाय. पायाशी वेदी, मापटं, जहाजाचं नाक, गोळा, बसलेला कैदी, उंट, यातलं काय आहे ते टिपा. मग डोकं: शिरस्त्राण असेल तर मिनर्व्हा, रोमा, मार्स किंवा व्हिर्टुस. पदर असेल तर पिएटास, पुडिसिटिया, वेस्टा, जुनो. शेवटी मोकळ्या जागेतले तारे किंवा अक्षरं, आणि खालच्या रेघेखालचा मजकूर.

एवढं कागदावर आलं की मगच मागचा लेख वाचा. लेख आधी वाचला तर डोळ्याला तेच दिसायला लागतं. मी एकदा झिजलेल्या लेखात "पी" आणि "ए" पाहून पॅक्स ठरवलं आणि हातातली काठी मला चक्क फांदी दिसली. ती दोन सापांची काठी होती, नाणं फेलिसिटासचं. तेव्हापासूनची खूणगाठ: फांदी वाकते आणि तिला दोन्ही बाजूंनी पानं फुटतात. सापांची काठी आखूड, सरळ, आणि वर गाठीसारखा फुगवटा.

देवी ओळखली म्हणून थांबू नका. डोमिशियनच्या डेनारियसवर मिनर्व्हा सतत येते, चार ठरलेल्या रूपांत: भाला उगारून चालणारी, जहाजाच्या नाकांनी सजवलेल्या खांबावर घुबडासोबत उभी, हातात वज्र घेतलेली, आणि नुसता भाला घेऊन उभी. तुमची कोणती, ते लिहिलं नाही तर कॅटलॉगमध्ये ती सापडणार नाही.

नमुन्याचं नाणं: स्त्री डावीकडे तोंड करून उभी, उजव्या हातात तराजू, डाव्यात शिंग. लेख "कॉस व्ही पी पी एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिंक". म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, राष्ट्रपिता, रोमची सिनेट आणि जनता, सर्वोत्तम राज्यकर्त्याला. पुढच्या बाजूला अर्धवट राहिलेलं वाक्य इथे पूर्ण झालं. पाचवं कॉन्सलपद १०३ चं, सहावं ११२ चं, तेव्हा नाणं १०३ ते १११ मधलं. आणि तराजूवाली कोण? लेखात तिचं नाव नाही. कॅटलॉग तिला एक्विटास म्हणतात आणि आपणही तेच लिहायचं, पण हे नाव नाण्याने दिलेलं नाही हे टिपून ठेवा.

इथे तपासा: कागदावर आत्तापर्यंत एकही अर्थ लिहिलेला नसावा. फक्त वस्तू, अक्षरं आणि आकडे.

## टप्पा ५: अर्थ, वर्ष हातात धरून

शब्दकोशात बघून "कॉन्कॉर्डिया म्हणजे सलोखा" एवढ्यावर सोडलं तर नाणं वाचून झालं नाही. हे चित्र कोणी, कोणत्या वर्षी, कोणाला दाखवायला काढलं ते विचारा. ओथो इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता. त्या एका वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. त्याच्या डेनारियसवर "सेक्युरिटास पी आर", रोमन जनतेची सुरक्षितता. डिडियस ज्युलियानसने १९३ मध्ये राजरक्षकांना पैसे चारून गादी मिळवली, आणि त्याच्या नाण्यावर "कॉन्कॉर्ड मिलिट", सैन्याचा एकोपा. ६६ दिवसांत त्याला मारलं. नाण्यावरचा गुण पुष्कळदा तेव्हा नेमकी कशाची चणचण होती ते सांगतो. पुष्कळदा म्हणतो, नेहमी नाही: अँटोनिनस पायसच्या शांत कारकिर्दीतली कॉन्कॉर्डिया उगाच संशयाने बघायची गरज नाही.

ओथोची सेक्युरिटास आणखी एक गोष्ट शिकवते. एरवी सेक्युरिटास खांबाला रेललेली किंवा डोक्याला हात लावून आरामात बसलेली असते. ओथोची उभी आहे, हातात हार आणि राजदंड. वरच्या यादीवर विसंबला असता तर चुकला असता. म्हणून लेख आणि हात जुळत नसतील तर लेखाचं ऐका.

प्राण्यांच्या बाबतीत आपण मराठी माणसं हमखास घसरतो, कारण प्रत्येक प्राण्याचं आपल्याकडे आधीच काहीतरी ठरलेलं आहे. देवपद मिळालेल्या राणीच्या नाण्यावरचा मोर हा जुनोचा पक्षी, सरस्वतीचा नव्हे. सम्राटासाठी त्याच जागी गरुड येतो. ऑगस्टसच्या नाण्यावरचा अर्धा बोकड अर्धा मासा हा प्राणी म्हणजे मात्र खरोखर आपली मकर रास, फक्त देवळाच्या कमानीवरचा मकर डोळ्यांसमोर आणू नका. मगर दिसली आणि सोबत "एगुप्टो काप्टा" असं असलं तर इजिप्त जिंकल्याची ती जाहिरात. उंट ट्रेजनच्या अरबस्तानचा. ससा हेड्रियनच्या हिस्पानियाचा. हत्ती सीझरच्याही नाण्यावर आहे आणि टायटसच्या इ.स. ८० च्या नाण्यावरही. पहिला पायाखाली काहीतरी चिरडतो आहे, दुसरा नव्या कोलोसियममधल्या खेळांशी जोडला जातो. एकच प्राणी, एकच अर्थ असं इथे चालत नाही.

## टप्पा ६: ताडून बघणं

कॅटलॉग दोन: साम्राज्यकाळासाठी आरआयसी (रोमन इंपीरियल कॉइनेज), प्रजासत्ताकासाठी आरआरसी (रोमन रिपब्लिकन कॉइनेज). दोन्हींच्या नोंदी ऑनलाइन फुकट बघता येतात, ओसीआरई आणि सीआरआरओ या नावांनी. सम्राट, डेनारियस आणि लेखातला सलग वाचता आलेला तुकडा टाका. पूर्ण लेख टाकू नका, एक अक्षर चुकलं तर काहीच हाती लागत नाही.

आवृत्ती लिहायला विसरू नका. टायबीरियसचा बसलेल्या स्त्रीचा प्रसिद्ध डेनारियस जुन्या आरआयसीत ३ क्रमांकाचा होता, सुधारित आवृत्तीत ३० आहे. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर नुसता "आरआयसी ३" दिसला आणि नवं पुस्तक उघडलं तर भलतंच नाणं समोर येतं.

नाणं भारतातच सापडलेलं असेल तर आधी दोनच प्रकार तपासा, कारण इथल्या चांदीच्या साठ्यांत तेच भरपूर आहेत. एक, वर सांगितलेला टायबीरियसचा. दुसरा ऑगस्टसचा: मागे त्याचे दत्तक मुलगे गायस आणि लुसियस, मधे दोन ढाली आणि भाले, वर संध्येतल्या पळीसारखी पळी आणि टोकाला वळलेली काठी, ही दोन्ही पुरोहितांची साधनं. तेलंगणातल्या अक्कनपल्लीला १५३१ डेनारियसचा साठा मिळाला, त्यातही याच दोघा सम्राटांचा भरणा. या प्रकारांच्या नकला दक्षिण भारतात त्या काळीच होत होत्या. लेखात अक्षरांऐवजी नुसत्या काड्या आणि गोळे असतील तर "डुप्लिकेट" म्हणून फेकून देऊ नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी तर रोमन नाण्यांवरून केलेली मातीची लटकनं निघाली आहेत, दोरा ओवायला भोक असलेली.

आजची खोटी नाणी वेगळीच. ओतीव नाण्यावर अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असतात, सपाट जागी सुईच्या टोकाएवढे बुडबुडे असतात, कडेला जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे जुळं नाणं. ठसा एकच असू शकतो, पण हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांची चकती, चीर आणि झीज कधीच एकसारखी नसते. तुमच्या नाण्याची चीर दुसऱ्या कोणाच्या फोटोत त्याच जागी दिसली तर विषय संपला.

सरावाला अस्सल नाणी बघायची असतील तर चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा साठा आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवरच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे. जाताना भिंग न्या.

## टप्पा ७: नोंद

नोंद त्याच दिवशी लिहा. नमुन्याच्या नाण्याची अशी:

"ट्रेजन. डेनारियस, रोम. इ.स. १०३–१११. चांदी, ३.२१ ग्रॅम, १८ मिमी, ६ वाजता. घनता १०.३५ (पाच मोजण्या). पुढे: लॉरेल घातलेलं डोकं, उजवीकडे. लेख पूर्ण वाचता येतो. मागे: स्त्री डावीकडे तोंड करून उभी, तराजू आणि शिंग. लेखातलं शेवटचं 'सी' अस्पष्ट. ओळख: एक्विटास (लेखात नाव नाही). कडेला चार वाजता जुनी चीर. सराफाची खूण नाही."

लेख वाचला तसा वेगळ्या ओळीवर उतरवा, टिंबांसकट. कोणाकडून, कधी, किती रुपयांना घेतलं तेही लिहा, आणि पावती असेल तर तिचा फोटो जोडा.

नाणं मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नका. त्यातल्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत चांदीवर हिरवट चिकट थर चढतो. आम्लविरहित कागदाचं पाकीट किंवा मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची) पिशवी घ्या, चिठ्ठी त्याच पाकिटात पण नाण्याला न टेकेल अशी. आणि चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई पावसाळ्यात फुटते.